पीळ

चार जुलैला ओहायोतल्या लिमा गावात सगळं बंद.
बँक बंद, टपाल बंद, माझं ऑफिस बंद.
रुळांपलीकडची नाण्यांवर चालणारी लाँड्री तेवढी उघडी,
मळाला सुट्टी नसते.

मी मांडीवर पुस्तिका घेऊन बसलेली.
ऑक्टोबरात नागरिकत्वाची तोंडी परीक्षा.
झेंड्यावर पट्टे तेराच का? पाठ.
तारे पन्नास का? पाठ.
घोकंपट्टीत आम्हाला कोण हरवणार!

ती आली. कमरेवर कपड्यांची टोपली
आणि मागे एक पोरगा, हातात न पेटवलेली फुलबाजी
तलवारीसारखी धरलेली.
एकेक कपडा झटकून तिनं मशीनमध्ये टाकला
आणि दुसऱ्या मशीनमध्ये, पिशवीच्या तळातून काढून, एकटाच
झेंडा.
'थंड पाण्यातच ना?' तिनं मला विचारलं,
जणू मी इथलीच.
मी म्हटलं, थंडच.
मला काय माहीत! झेंडा धुताना मी कुणाला पाहिलेलं नाही.
आमच्या शाळेत तो पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी कपाटात जायचा
आणि जानेवारीत डांबरगोळ्यांचा वास घेऊन
पुन्हा वर चढायचा.

दहा तारखेला घर सोडायचंय, ती म्हणाली.
काठी घरमालकाची, भिंतीतला आकडा घरमालकाचा,
झेंडा माझा.
मळका कशाला न्यायचा?

मग ओला हात पुढे केला: 'डार्लीन मेट्झगर.'

मेट्झगर.
मी हॉस्पिटलात बिलांच्या खात्यात असते.
मार्चमध्ये हे नाव मी एका यादीत घातलं होतं,
वसुलीवाल्यांकडे जाते त्या यादीत.
चार हजार एकशे बारा डॉलर. पोराचा दमा.
आकडे माझ्या डोक्यात राहतात, हाही एक आजारच.
मी माझं नाव सांगितलं.
तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा जवळपास जमलं.
खात्याचं नाव मी सांगितलं नाही.

बाहेर मिरवणूक आली. अग्निशमनचा बंब,
उघड्या मोटारीत चार म्हातारे सैनिक,
त्यातला एक झोपलेला.
बंबावरून कुणी गोळ्या उधळल्या.
पोरगा धावला, ओंजळ भरून धापा टाकत परतला:
'मम्मी, फुकट!'

ड्रायरमध्ये कपडे सुकले, आणि तिची नाणी संपली.
झेंडा ओलाच.
माझ्या डबीत नाणी होती. मी पुढे केली.
'नको,' ती म्हणाली.
'पोराच्या कपड्यांसाठी घेतली असती.
ह्याच्यासाठी उसनं नाही घ्यायचं.'

मग आम्ही दोघींनी तो धरला, दोन टोकांना,
चादर धरतात तसा.
'जमिनीला लागू देऊ नकोस हं.'
ती तिच्या उजवीकडे वळवत गेली, मी माझ्या उजवीकडे.
तरच पीळ बसतो.
पाणी गळलं, राखाडी, फरशीवर, तिच्या सपातांवर,
बाकावरच्या माझ्या पुस्तिकेवर.
रंग उतरला नाही. पॉलिएस्टर.
सुंभ जळतो पण पीळ जात नाही, अशी आमच्यात एक म्हण आहे,
तिला सांगावीशी वाटली,
पण सुंभाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना,
आणि आपण कुणाचा पीळ म्हणतोय, तेही नक्की नव्हतं.

घडी तिनंच घातली. त्रिकोणी, कोपऱ्याला कोपरा.
संसाराची बसली नाही, ही एका फटक्यात बसली.
पोराच्या हातात दिली.
त्यानं फुलबाजी तोंडात धरली, गोळ्या खिशात कोंबल्या,
आणि दोन्ही हातांनी ती ओली घडी छातीशी.

रात्री खिडकीतून फटाके दिसले, हॉस्पिटलच्या वरच फुटल्यासारखे.
उद्या पाच तारीख. ऑफिस उघडेल.
एक नाव यादीतून काढता येतं का, हे मला माहीत आहे.
येत नाही.
एकदा आलं होतं, पण ते एका डॉक्टरच्या मेव्हण्याचं होतं.

पुस्तिका टेबलावर वाळत घातलीये.
तेरा पट्ट्यांचं पान फुगलंय.
वर डाळीचा डबा ठेवून पाहिला,
मिटत नाही.